पंचवीस पेरले, एकतीस उगवले

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि माझा स्वभाव वाईट आहे. या दोन्ही गोष्टी आमच्या निंबजळी गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. कुणी काही चुकीचं बोललं की माझ्या पोटात दुखायला लागतं. पंगतीत बसलेला असलो तरी हातातला घास ठेवून मी आधी त्याची चूक दुरुस्त करतो, मग जेवतो. एकदा लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या मामाला ग्रहण कसं लागतं ते समजावत बसलो आणि इकडे अक्षता पडून गेल्या. आई म्हणते, "आमच्या भाऊसाहेबाच्या तोंडाला कासरा न्हाई."

आईचं नाव आक्काबाई. ती शाळेत गेली नाही, पण तिलाही एक खोड आहे. तिला रिकामी जागा बघवत नाही. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी ओळीत जिथं बी उगवलेलं नसतं, तिथं बोटानं भोक पाडून दुसरं बी टोकतात. त्याला आमच्याकडे नांग्या भरणं म्हणतात. शेवगावकडच्या आमच्या काळ्या रानात हे काम बायकांचं, आणि त्यात आईचा हात धरणारं गावात कुणी नाही. दुसऱ्याच्या बांधावरून चालली असली आणि कपाशीत नांगी दिसली, तरी ती कनवटीची सरकी काढते, दोन दाणे टोकते आणि जणू काही झालंच नाही अशी पुढं जाते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तेच नडलं.

त्याच्याही आधी दुधाचं सांगायला हवं. पंच्याण्णव सालच्या सप्टेंबरात देशभर गणपती दूध प्यायला, तेव्हा आमच्या गावातलाही प्यायला. आमचा गणपती देवीच्या देवळातल्या कोनाड्यात असतो आणि देवळाची पूजाअर्चा रंगनाथ गुरवाकडे. रंगनाथ माझा लंगोटीयार. चौथीपर्यंत आम्ही एका पाटीवर लिहिलं, एकाच विहिरीत पोहायला शिकलो. त्या दिवशी तो सोंडेला चमचा लावत होता आणि दूध खरंच जात होतं. रांग पार शाळेच्या फाटकापर्यंत आली होती. त्याची पाथर्डीची सोयरी मंडळी मुद्दाम टेम्पो करून आली होती. रंगनाथच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी रांग मोडून पुढं गेलो. मूर्तीच्या पायथ्याशी हात फिरवला आणि दुधानं ओला झालेला पंजा सगळ्यांना दाखवला. "रंग्या, गणपती पीत नाही, तुझी मोरी पितेय!"

लोक हसले. मग मी पृष्ठताण समजावून सांगितला, तो कुणी ऐकला नाही. मी बोललो त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. परिणाम एवढाच झाला की गावानं मला पाखंडी ठरवलं, गणपती दूध प्यायला हे पक्कं झालं, आणि दुसऱ्या दिवसापासून रंगनाथ मला "अहो मास्तर" म्हणू लागला. जन्मभर "ए भाऊ, लेका" म्हणणारा माणूस अहो-जाहोवर आला की समजावं, दाराला आतून कडी लागली. पुढचे चार दसरे तो सोनं द्यायला माझ्या घरी आला नाही. मीही गेलो नाही. खरं बोललेल्या माणसानं आधी का जावं, असं माझं म्हणणं होतं.

आता नव्व्याण्णव साल. त्या वर्षी गहिनीनाथच्या रानात एका कंपनीनं नव्या कपाशीचा वीस गुंठ्यांचा प्रयोग लावला होता. गहिनीनाथ म्हणजे आमच्या गावातला सर्वांत गरीब स्वभावाचा माणूस. त्याला कुणी काही लावू का विचारलं की तो "लावा" म्हणतो. कंपनीचे पंकज साहेब दर आठवड्याला नगरहून मोटरसायकलवर यायचे, वहीत काही लिहायचे आणि जायचे. या कपाशीच्या बियात मातीतल्या एका जिवाणूचा गुण घातलाय, त्यामुळे बोंडअळी झाड खाते आणि मरते, असं ते सांगायचे. झाडं झकास आली होती. दसऱ्याच्या तोंडावर पहिली वेचणीही झाली.

आणि मग पुण्याहून माधुरीताई आल्या. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत, खांद्याला शबनम, पायात साध्या चपला, आणि आवाज असा की लाऊडस्पीकरवाल्याच्या पोटावर पाय यावा. त्यांनी पत्रकं वाटली. हे बी वांझ आहे, याची सरकी पुढच्या साली उगवणार नाही, एवढंच नव्हे तर वाऱ्यानं याचा पराग शेजारच्या रानात जाईल आणि तिथलंही बी वांझ होईल. दुसऱ्या दिवसापासून गहिनीनाथच्या शेजाऱ्यांनी त्याच्या बांधावरून बैल न्यायचं बंद केलं. एकाची म्हैस गाभण राहिना, तेही कपाशीवर गेलं.

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. पंकज साहेबांनी गुळगुळीत कागदाची फाईल उघडली. "हे पाहा, यावर संशोधन झालेलं आहे."

"कोणी केलं?" माधुरीताईंनी विचारलं.

"आमच्या शास्त्रज्ञांनी."

"म्हणजे चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

सभा हसली. पंकज साहेब लाल झाले, पण गडी हुशार. त्यांनी ताईंचं पत्रक वर धरलं. "आणि हे कुठल्या संशोधनावरून?"

"आमच्या संस्थेच्या अंकात सविस्तर लेख आलाय."

"लिहिलाय कोणी?"

ताईंनी खांद्यावरची शबनम सावरली. "मी."

सभा पुन्हा हसली. मग दोघांनी एकमेकांच्या पदव्या काढल्या. त्यात असं निघालं की साहेब शेतीचे पदवीधर असले तरी गेली सहा वर्षं विक्री खात्यात आहेत, आणि ताईंचा अभ्यासाचा विषय शेवाळ आहे. आमच्या दुष्काळी गावाला शेवाळावर डॉक्टरी मिळते हे ऐकूनच मोठं नवल वाटलं.

शेवटी रंगनाथ उठला. त्याची दोन एकर कपाशी गहिनीनाथच्या बांधाला लागून होती. "कागद तुमचं तुमच्यापाशी ठिवा. आमाला येवढंच सांगा, ह्ये बी उगवतं का न्हाई? उगवत नसंल तर गहिनीनाथचं रान आत्ताच उपटू."

गहिनीनाथ कसंनुसं म्हणाला, "उभं पीक उपटायचं?" आणि खाली बसला.

माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. वांझ बियाण्याची युक्ती अजून कागदावरच आहे, कुठल्याच शेतात आलेली नाही, असं मी मासिकात वाचलं होतं. मी उभा राहिलो. "उगवतं. हे बी वांझ नाही."

"कशावरून?" रंगनाथनं विचारलं. चार वर्षांत भर सभेत तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलत होता.

"मी सांगतो ना."

"मास्तर, तुमी मागं बी सांगितलं हुतं."

या वेळी सभा सगळ्यांत मोठ्यानं हसली. त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही झाली. खरं सांगतो, कंपनीचं आणि बोंडअळीचं मला काही पडलं नव्हतं. गहिनीनाथच्या पिकाचं थोडंफार पडलं होतं. पण सगळ्यांत जास्त मला हे हवं होतं की रंगनाथच्या डोळ्यांदेखत माझं बोलणं एकदा तरी खरं ठरावं, आणि तसं ते ठरलं हे त्याच्या तोंडून निघावं. मी म्हणालो, "पेरून बघू. पंचवीस दाणे या बियाचे, पंचवीस आपल्या घरच्या सरकीचे. उगवलं नाही तर गहिनीनाथचं रान उपटायला मी पहिला येतो."

पेरायचं कुठं यावर अर्धा तास गेला. शाळा म्हटलं तर ताई म्हणाल्या, मास्तरांनी आधीच निकाल दिलाय. ग्रामपंचायत म्हटलं तर साहेब म्हणाले, सरपंचांचं रान गहिनीनाथच्या शेजारी आहे. मग रंगनाथच म्हणाला, "देवीपुढं घटात पेरा. परवा घट बसत्यात. घटाला कोन हात लावतंय?"

ही गोष्ट सगळ्यांना पटली. नवरात्रात टोपलीत रानातली माती घालून, मध्ये पाण्याचा घट ठेवून भोवती धान्य पेरतात, आणि नऊ दिवसांत कुठलं धान कसं आलं यावरून जुनी माणसं साल कसं जाईल ते सांगतात. एकदा बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत. रंगनाथनं निकालही दिला, "देवी कपाशीच्या रानातलीच हाय. तिला सरकी बी चालती." देवळाची किल्ली रंगनाथकडे असते, आणि नऊ दिवस देवळातच मुक्काम करून उपास धरणाऱ्या, म्हणजे घटी बसणाऱ्या बायकांत आई सर्वांत जुनी. घटांना पाणी घालायचा मान तिचा. एक माझी आई आणि एक माझा वैरी. याहून निःपक्ष प्रयोगशाळा पुण्यातसुद्धा मिळाली नसती, असं मी सभेत म्हणालो आणि स्वतःवर खूश झालो.

पंकज साहेबांनी अट घातली. हे बी नियमानं प्लॉटच्या बाहेर न्यायचं नसतं. पंचवीस दाणे ते मोजून देतील आणि उगवलेले, न उगवलेले, सगळे पंचवीस दसऱ्याला मोजून परत घेतील. तसा कागद झाला, त्यावर माझी सही झाली. गहिनीनाथनं नुकत्याच वेचलेल्या कापसातून सरकी काढली. घरची सरकी आईच्या गाडग्यातली. डाव्या घटात घरची, उजव्या घटात कंपनीची, प्रत्येकी पंचवीस. दाणे मी माझ्या हातानं मोजून, दोन्हीकडे सारख्या खोलीवर लावले. आणि मीच नियम केला की पूजेपुरता रंगनाथ सोडला तर दसऱ्यापर्यंत पुरुषांपैकी कुणीही आत डोकवायचं नाही. मीसुद्धा.

आई काहीतरी बोलायला आली होती. "भाऊ, ही सरकी..."

"आई, तू फक्त पाणी घाल. दोन्हीकडे सारखं. बाकी काही करू नकोस."

तिनं पाण्याचा तांब्या उचलला. माझ्या तोंडाला कासरा नाही, आणि त्यामुळे कुणाचं अर्धं वाक्य माझ्यापुढं पूर्ण होत नाही.

नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गात उगवण शिकवताना खडू दोनदा मोडला. देवळावरून जाताना गाण्यांचा आवाज यायचा, दारात रंगनाथ बसलेला असायचा. मी मान वळवून जायचो. एकदा वाटलं, तो काही बोलेल. तो "मास्तर, सावकाश जा, पायरी हलतीय" म्हणाला, एवढंच.

दसऱ्याला सकाळी देवळापुढं अख्खं गाव लोटलं. इलेक्शनची मतमोजणी नुकतीच झालेली, त्यामुळे मोजणी म्हणजे काय चीज असते ते सगळ्यांना कळत होतं. पंकज साहेब वही घेऊन आले, ताई कॅमेरा घेऊन आल्या. रंगनाथनं पूजा केली, माळा उतरवल्या आणि दोन्ही टोपल्या ओट्यावर आणून ठेवल्या.

दोन्ही घट हिरवे होते. मी डावा घट मोजला. एकवीस. ठीक. घरची सरकी चांगली निघाली होती. मग उजव्याकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहा. पंधरा. लोक माझ्याबरोबर मोजू लागले. वीस. एकवीस झाले तेव्हा गहिनीनाथनं टोपी काढून देवीला हात जोडले. बावीस. तेवीस. पंकज साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं.

चोवीस म्हणताना माझं बोट थांबलं. टोपलीच्या पलीकडच्या कडेला अजून रोपं होती, आणि ती चांगली सहा-सात होती. मग मी पहिल्यांदा नीट बघितलं. घटात तीन रोपं उंच होती, दोन दोन पानं सरळ उघडलेली. बाकीची सगळी कालपरवा मातीतून निघालेली, मान वाकडी, आणि बहुतेक ठिकाणी जोडीजोडीनं. मी एका भोकात एकच दाणा घातला होता. एका भोकात दोन दाणे टोकायची रीत कुणाची, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी मान वर केली. आई घटी बसलेल्या बायकांत बसली होती आणि मोठ्या कौतुकानं माझ्याकडे बघत होती.

आता बघा, मी चोवीसवर थांबू शकलो असतो. पंचवीसातले चोवीस, साहेबांनी टाळी वाजवली असती, ताईंना गप्प बसावं लागलं असतं, गहिनीनाथचं पीक वाचलं असतं. पलीकडची रोपं माझ्या सदऱ्याच्या बाहीआड होती. रंगनाथ समोर उभा होता. त्याचं तोंड मी चार वर्षं ज्या कबुलीसाठी बघत होतो, ती कबुली अगदी हाताशी आली होती. मनात आलं, बी खरंच वांझ नाही ना? मग निकाल खराच आहे. एवढ्या खऱ्याला थोडी नांगी भरली तर काय बिघडलं?

मग मला माझाच दुधानं ओला पंजा आठवला, आणि मी मोजत राहिलो.

"पंचवीस," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "सव्वीस," मी म्हणालो. टाळ्या थांबल्या. "सत्तावीस. अठ्ठावीस."

एकतीसला संपले.

मग पंकज साहेबांनी, सहा वर्षांच्या विक्रीच्या सवयीनं असेल, वहीत हिशेब केला आणि तोंडातून बोलून गेले, "उगवण क्षमता एकशे चोवीस टक्के." त्यानंतर जे हसू फुटलं त्यानं ओट्यावरची कबुतरं उडाली.

"आई," मी म्हणालो, "नांग्या भरल्यास?"

"भरल्या की," आई म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. "पाचव्या माळंला बघितलं तर डावा घट भरल्याला आन् उजवा टकला. तीनच कोंब. देवीम्होरं टकला घट ठिवायचा व्हय? सालभर गावाला भोगावं लागंल. माज्या गाडग्यातली सरकी घेतली, शेनकाल्यात चोळली, कोमट पान्यात भिजीवली आन् टोकली."

"कोमट पाणी देवळात कुठून आणलंस?"

आईनं रंगनाथकडे बघितलं. रंगनाथनं छताकडे बघितलं.

"त्यानंच चूल पेटवून दिलं," आई म्हणाली.

बी उगवू नये असं ज्याला वाटत असेल अशी माझी खात्री होती, त्यानंच पाणी तापवून दिलं होतं. पण विचार करायला सवड कुठली? ताईंनी ओटा गाठला होता. "पंचवीसातले तीन! बारा टक्के! सिद्ध झालं!"

"तीन उगवले ना?" साहेब ओरडले. "वांझ असतं तर एकही उगवलं नसतं. आमचंच सिद्ध झालं!"

"ते तीन शेजारच्या परागाचे असतील!"

"मग पराग आमच्याकडून तिकडे जातो म्हणता, तो तिकडून आमच्याकडे कसा आला?"

"आणि मुळात या बाईंच्या साक्षीवर..." असं दोघंही एकदमच म्हणाले. सबंध वादात त्यांचं एकमत झालं ते एवढ्या एका मुद्द्यावर.

आई उठली. नऊ दिवसांच्या उपासानं तिचा आवाज बारीक झाला होता, पण ऐकू सगळ्यांना आला. "माजी साक्ष ऱ्हाऊ द्या. तुमी मला येक सांगा. नवी सरकी दसऱ्याला कवा उगवत असती का? आत्ता झाडावरनं काढल्याली. ती झोपंत असती. आमची घरची बी न्हाई उगवत. संक्रांत होऊन गेल्याबिगर तिला जाग येत न्हाई. डाव्या घटात गेल्या सालची सरकी हुती, उजव्यात आठ दिसांची. ह्यो काय सामना झाला व्हय?"

देवळातल्या साठ-सत्तर शेतकऱ्यांनी माना हलवल्या. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं.

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"सांगाया आल्ते की," आई म्हणाली. "तू म्हनलास, पानी घाल."

"आमाला वाटलं, मास्तरांनी कायतरी इज्ञान केलं आसंल," गहिनीनाथ हळूच म्हणाला.

शेतीचे पदवीधर खाली बघत होते. त्यांनी जन्मभर पाकिटातलं रंगवलेलं बीच पेरलं होतं. शेवाळाच्या डॉक्टर कॅमेऱ्याची पट्टी नीट करत होत्या. आणि मी, ज्यानं आठवीच्या पोरांना बारा वर्षं शिकवलं की प्रयोगात तुलना करायची तर एक गोष्ट सोडून बाकी सगळं सारखं ठेवा, त्यानं एकीकडे जुनं बी आणि दुसरीकडे नवं बी लावलं होतं. आईनं नांग्या भरल्या ही गंमत झाली. प्रयोग पहिल्याच दिवशी माझ्या हातानं मेला होता.

"मास्तर," रंगनाथ म्हणाला, "मग बी वांझ हाय का न्हाई?"

अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. मला मासिकातला लेख आठवला, तीन उंच रोपं आठवली, आणि नेहमीसारखं तोंड उघडलंही. पण माझ्याजवळ त्या क्षणाला सिद्ध झालेलं काही नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "वांझ नसावं असं वाटतं. पण या प्रयोगावरून काहीच सांगता येत नाही. चूक आईची नाही, माझी आहे. मी तिचं ऐकून घ्यायला हवं होतं. कुणाचंच ऐकत नाही मी."

हे शब्द मी निंबजळीत पहिल्यांदाच उच्चारत होतो. आई माझ्याकडे अशी बघत होती की मला ताप आला असावा.

सरपंचांनी निकाल दिला, संक्रांतीनंतर पुन्हा पेरायचं, दोन्ही सरक्या याच सालच्या, आणि मोजणी आक्काबाई करील. तोवर गहिनीनाथच्या रानाला कुणी हात लावायचा नाही. तसं पुढं केलंही. पंचवीसातली आमची एकवीस उगवली, कंपनीची वीस. ताईंनी ते पुण्याच्या अंकात छापलं, हे त्यांच्याबद्दल मुद्दाम सांगायला हवं. खाली मात्र लिहिलं की बी उगवतं म्हणून ते चांगलं ठरत नाही. साहेबांनी आपल्या अहवालात आमच्या गावाचं नावच घातलं नाही. ती कपाशी चांगली की वाईट, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. विचारणाऱ्याला मी तसंच सांगतो.

पण ते नंतरचं. त्या दिवशी देवळात अजून एक घोळ व्हायचा होता. पंकज साहेब कागद काढून म्हणाले, "मास्तर, नियमाप्रमाणे आमचे पंचवीस..." आणि मागं वळून बघतात तर घट उठला होता. दसऱ्याला घट उठला की त्यातलं धान देवीचा प्रसाद म्हणून लोक टोपीत खोवतात, बायका अंबाड्यात. एकतीसच्या एकतीस रोपं गावाच्या डोक्यावर चढून निघाली होती. ताई "पुरावा! पुरावा!" म्हणत पायऱ्या उतरल्या. साहेब त्यांच्या मागं धावले. दोघांनी मिळून टोप्या तपासल्या, दोघांना मिळून चार रोपं परत मिळाली. उरलेले बावीस दाणे आईनं मातीतून उकरून साहेबांच्या रुमालात बांधून दिले. "घ्या. निजल्यात बिचाऱ्या. जपून न्या."

संध्याकाळी सीमोल्लंघन करून लोक परतले. मी ओसरीवर बसलो होतो. आपट्याची पानं देणारी माणसं येत होती, एकशे चोवीस टक्के शुभेच्छा देत होती, आणि मी मुकाट्यानं घेत होतो. या पोरकट थट्टेवर एरवी मी कितीतरी बोललो असतो.

रंगनाथ आला तेव्हा ओसरीवर दुसरं कुणी नव्हतं. तो पायरीवरच थांबला. हातात पानं होती, टोपीत वाकड्या मानेचं एक रोप.

"ते पाणी," मी म्हणालो. "तू का तापवून दिलंस?"

"घटासाठी दिलं," तो म्हणाला. "तुमच्यासाठी न्हाई." मग टोपीतलं रोप नीट खोवत, "टकला घट बघितला आन् वाटलं, दसऱ्याला समद्या गावाम्होरं तोंड पडंल. लोक हसतील. हसत्यात तवा कसं हुतं, मला ठावं हाय."

मी उठून उभा राहिलो. गेली चार वर्षं माझ्याकडे या माणसाला सांगायला सगळं काही होतं: पृष्ठताण, केशाकर्षण, मोरीचा उतार. त्यातलं काहीच आता जिभेवर येईना. "रंग्या, त्या दिवशी मी तुझ्या पाहुण्यांदेखत तसं बोलायला नको होतं," मी म्हणालो. "चुकलं माझं."

त्यानं मान हलवली. पानं माझ्या हातात दिली, वाकून आईच्या पाया पडला आणि माझ्याशेजारी ओसरीवर येऊन बसला. आईनं चहा ठेवला.

"तवा बी असंच मोजून बघितलं हुतंस का?" त्यानं विचारलं. "का नुसतंच बोल्ला हुतास?"

"बघितलं होतं. घरी आठ वेळा. चमचा, वाटी, सगळं. आपल्या पाट्यावरसुद्धा जातं दूध."

"पाटा बी पितो?"

"पाटा बी."

आतून आई म्हणाली, "माजा गनपती प्याला हुता. मी सोता पाजलं."

रंगनाथ हसला. बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि बशी माझ्याकडे सरकवली, पाटी सरकवायचा तशी.

"ए भाऊ," तो म्हणाला, "ते दुधाचं परत सांग. पयल्यापासून. सावकाश."